दोनदा भाजलेल्याची कुळकथा

इटलीत फ्लॉरेन्सपासून थोड्याच अंतरावर प्रातो नावाचं गाव आहे. तिथल्या रिकासोली रस्त्यावर एका जुन्या दुकानाची पाटी आहे : ‘आंतोनिओ मात्तेई, कान्तुच्चीचे उत्पादक’. दुकान १८५८ सालचं. आत गेलं की निळ्या कागदाच्या, दोरीनं बांधलेल्या पुड्यांत बदामाची बिस्किटं मिळतात. तिरकी कापलेली, सोनेरी, चांगली कडक. पुष्कळ लोक त्यांना कान्तुच्ची म्हणतात. दुकान मात्र त्यांना ‘प्रातोची बिस्किटं’ म्हणतं. प्रातोकरांच्या मते पाटीवरची कान्तुच्ची ही नव्हेतच. तो याच दुकानात होणारा वेगळा पदार्थ : पावाच्या पिठाचा, ऑलिव्ह तेल घातलेला, बडीशेपेसारख्या वासाचे ॲनिसचे दाणे टाकलेला. गिऱ्हाइकं पाटी वाचून आत गेली, बदामाची बिस्किटं घेऊन बाहेर आली आणि हातातल्या पुडीला पाटीवरचं नाव देऊन मोकळी झाली. पाटी होती तिथेच राहिली, नाव मात्र एका पदार्थावरून दुसऱ्यावर सरकलं. पुणेरी पाट्यांचा दरारा आपण ऐकून आहोत, पण पदार्थाचं बारसं करणारी पाटी पुण्यातही सापडायची नाही.

हे बिस्किट घरी करायचं ठरवलं तेव्हा कृती वाचून मला वाटलं, छापताना एक ओळ गळली असावी. मैदा, साखर, अंडी, बदाम, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे. संपलं. लोणी नाही, तेल नाही, दूध नाही, यीस्ट नाही. स्निग्धाशिवाय बिस्किट कसं होणार? मी आपल्या शहाणपणानं शंभर ग्रॅम लोणी घातलं. चव वाईट नव्हती, पण सुरी लावली की काप भुसभुशीत होऊन ढासळायचे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. इटालियन बिस्किटाऐवजी ताटात नानकटाईचा चुरा.

दुसऱ्या खेपेला कृती म्हणेल तसं केलं. काप निघाले, पुन्हा ओव्हनमध्ये गेले, बाहेर येऊन खणखणीत वाळले. मावशी आली होती. तिनं एक उचलला, टेबलावर टकटक वाजवून पाहिला, विचार न करता चहात बुडवला आणि म्हणाली, “अरे, हा तर आपला टोस्ट! बदाम घातलास म्हणून काय झालं?” मी जरा हिरमुसलो. पुढे या बिस्किटाचं कुळ शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं, मावशीनं एका घोटात वंशावळ सांगितली होती.

कुळाचं नाव नावातच आहे. लॅटिनमध्ये ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेलं, भाजलेलं. त्यापासून इटालियन बिस्कोत्तो, फ्रेंच बिस्क्वी, पोर्तुगीज बिश्कोइतु, इंग्रजी बिस्किट. जर्मनांनी शब्द न घेता अर्थ घेतला आणि त्स्वीबाक म्हटलं, म्हणजे तेच, ‘दोनदा भाजलेलं’. आपल्याला तर हा शब्द परका वाटायचं कारणच नाही. लॅटिन ‘बिस’ आणि संस्कृत ‘द्विः’ हे सख्खे भाऊ आहेत आणि ‘कोक्तुस’ ज्या धातूतून आला त्याच धातूतून आपले ‘पचन’, ‘पक्व’ आणि ‘पक्वान्न’ आले. म्हणजे बिस्किटाचा संस्कृत अवतार द्विःपक्व. हे शब्दच्छल करून जुळवलेलं नातं नाही, भाषांच्या जुन्या घराण्यातलं नातं आहे.

दोनदा भाजायचं कशासाठी? चवीसाठी मुळीच नव्हे. ताज्या पावात वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं आणि बुरशीला तेच हवं असतं. पाव एकदा भाजला की शिजतो, खाण्यालायक होतो, पण आतून ओला राहतो. तोच कापून मंद आचेवर पुन्हा भाजला की पाणी निघून जातं. मग बुरशीला जगायला काही उरत नाही आणि पाव आठवडे, महिने टिकतो. कैरी उन्हात वाळवून आंबोशी करावी, तसा हा आगीत वाळवलेला पाव. त्याची पहिली गिऱ्हाइकं होती सैनिक आणि खलाशी, ज्यांना रोज ताजा पाव कुणी देणार नव्हतं.

उत्तरकाळातल्या रोमन सैन्याला मोहिमेवर अशा कडक पावाचा शिधा मिळे. त्याला बुक्केल्लातुम म्हणत. पुढे मोठमोठे सेनापती पदरी खासगी शिपाई बाळगू लागले तेव्हा त्या शिपायांना या शिध्यावरूनच नाव पडलं, बुक्केल्लारी. आपल्याकडे माणूस खाल्ल्या मिठाला जागतो. ते खाल्ल्या बिस्किटाला जागायचे.

रोमचं साम्राज्य गेलं, कडक पाव राहिला. मध्ययुगात तो समुद्रावर गेला. व्हेनिसच्या गॅलींवर शेकडो वल्हेकरी असत आणि त्यांना पोसल्याशिवाय जहाज हलत नसे. मारिनो सानूदो तोर्सेल्लो या व्हेनिसच्या गृहस्थानं १३२१ साली पोपला एक ग्रंथ सादर केला. धर्मयुद्धासाठी आरमार कसं उभारावं याचा तो आराखडा होता. त्यात माणशी शिध्याचा हिशेबही आहे : बिस्किट, वाइन, चीज, खारवलेलं डुकराचं मांस, शेंगवर्गातलं कडधान्य. बिस्किट त्यात पहिलं. व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं जहाजी बिस्किटांसाठी सांतेलेना बेटावर सरकारी भट्ट्या ठेवल्या होत्या. बारूद जितकी सरकारी तितकंच बिस्किटही सरकारी. इटालियन भाषेत आजही एक वाक्प्रचार आहे, ‘बिस्किटाशिवाय जहाजात चढणं’. अर्थ असा की तयारी न करता मोठ्या कामात उडी घेणं. आपल्या गोष्टींतला राजपुत्र घरातून निघताना आई त्याला भूकलाडू आणि तहानलाडू बांधून देते. व्हेनिसचा भूकलाडू दगडासारखा होता एवढाच फरक.

दगडासारखा म्हणजे खरोखर. असं बिस्किट थेट चावणं ही दातांची परीक्षा. म्हणून खलाशी ते पाण्यात, वाइनमध्ये, रश्श्यात भिजवून खात. व्हेनिससारखीच या खाण्याची सवय जिनोव्हा बंदरालाही होती. तिथे ‘काप्पोन माग्रो’ नावाचं भाज्यांचं आणि मासळीचं थरावर थर रचलेलं पक्वान्न करतात. पाहिलं तर राजवाड्यातलं वाटावं, पण सगळ्यात खालचा थर असतो लसूण चोळून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलेल्या जहाजी बिस्किटांचा. जिनोव्हाजवळच्या कामोल्यी गावात खलाशांची ही बिस्किटं अजून भाजली जातात. गरिबाचं खाणं श्रीमंताच्या ताटाचा पाया झाल्याची ही एक जागा. दुसरी जागा म्हणजे आपलं बदामाचं बिस्किट.

त्यासाठी दोन पाहुणे यावे लागले, बदाम आणि साखर. बदाम आधी आला. रोमन लोक त्याला ‘ग्रीक दाणा’ म्हणत, यावरूनच तो कुठल्या वाटेनं आला ते दिसतं. साखरेला उशीर झाला. सन ८२७ मध्ये अरब फौजा सिसिलीत उतरल्या आणि पुढच्या शतकात त्यांनी जवळजवळ सगळं बेट घेतलं. त्यांच्याबरोबर ऊस आला, पाटाच्या पाण्याची शेती आली, आणि बदाम वाटून साखरेत घोळवण्याची कला आली. साखरेसाठीचा इटालियन शब्द ‘झुक्केरो’ अरबी ‘सुक्कर’वरून आला, अरबांना तो फारसीतून मिळाला आणि फारसीत तो गेला आपल्या ‘शर्करा’वरून. बिस्किटातल्या साखरेचा शब्द हिंदुस्थानातून निघाला आणि दोनदा भाजण्याचा शब्द संस्कृतच्या चुलतघरात जन्मला. नात्यानं पाहिलं तर हा पदार्थ आपला दूरचा व्याही लागतो.

साखर फार काळ औषधाच्या भावानं विकली जाई. त्यामुळे बदाम आणि साखर हे सणाचं, मठांचं आणि धनिकांचं खाणं राहिलं. त्यातून इटलीभर बदामाच्या बिस्किटांची मोठी भाऊबंदकी तयार झाली. सिएनाचं रिच्चारेल्ली : बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक, शंकरपाळीच्या आकाराचं, वरून पिठीसाखरेचा थर, आतून मऊ. त्याला २०१० साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. उत्तरेकडचं आमारेत्ती : नावाचा अर्थ ‘किंचित कडवट’, कारण त्यात कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बीमधला गर पडतो. त्या कडवटपणाचा सुगंध मोहक असतो, पण त्याच द्रव्यातून सायनाइडही तयार होतं. घरी करणाऱ्यानं जर्दाळूच्या बिया फोडून हौस भागवायला जाऊ नये. मृतात्म्यांच्या स्मरणाच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, काही भागांत ‘मृतांच्या शेंगा’ नावाची छोटी बदामी बिस्किटं करतात; आपल्या पितृपक्षातल्या खिरीवड्यांसारखं ते एका तिथीचं खाणं.

पण ही सगळी एकदाच भाजलेली. बदाम आहे, दुसरी भाजणी नाही. बदाम आणि दुसरी भाजणी एका घरात नांदायला लागली ती टस्कनीत, आणि तेही उशिरा. किती उशिरा, याची साक्ष एका शब्दकोशात आहे.

फ्लॉरेन्समध्ये १५८३ साली भाषाप्रेमींची एक संस्था निघाली. तिचं नाव आकादेमिया देल्ला क्रुस्का. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषेचं पीठ चाळून कोंडा वेगळा करायचा, हा संकल्प. मंडळी त्या रूपकात इतकी रमली की संस्थेचं बोधचिन्ह झालं पीठ चाळायचं यंत्र आणि प्रत्येक सभासदाची स्वतःची खूण रंगवली गेली ती भट्टीत पाव सरकवायच्या लाकडी फावड्यावर. या कोंडाकरांनी १६१२ साली इटालियन भाषेचा मोठा कोश छापला. १६९१ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. तिच्यासाठी खपलेल्यांत एक होते फ्रांचेस्को रेदी. शाळेत जीवशास्त्र शिकलेल्यांना ते आठवतील : झाकलेल्या आणि उघड्या बरण्यांत मांस ठेवून, किडे आपोआप उपजत नाहीत हे १६६८ साली दाखवणारे तेच रेदी.

या आवृत्तीत ‘कान्तुच्चो’ या शब्दाचा अर्थ दिला आहे. त्याचा सारांश असा की हे कापांचं बिस्किट; उत्तम चाळलेलं पीठ, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांचं केलेलं. काप आहेत, साखर आहे, अंडं आहे. बदामाचं नाव नाही. आज जे बिस्किट बदामासाठी ओळखलं जातं त्याच्या नावाची पहिली कोशनोंद बदामाशिवायची आहे. शब्दाचं मूळही बदामाकडे जात नाही. ‘कान्तो’ म्हणजे कोपरा आणि ‘कान्तुच्चो’ म्हणजे छोटा कोपरा, पावाचं कडेचं खरपूस टोक. घरात ज्या टोकावरून पोरांची भांडणं होतात, ते.

त्यानंतरचा दुवा प्रातोतच आहे. १८व्या शतकात तिथे आमादिओ बाल्दान्झी नावाचे एक विद्वान होते. त्यांच्या हस्तलिखितात या बिस्किटाची कृती मिळते आणि तो कागद प्रातोच्या सरकारी दफ्तरखान्यात जपलेला आहे. कृतीचं नाव वाचून मात्र चमकायला होतं. तिथे कान्तुच्ची नाही, प्रातोही नाही. तिथे आहे ‘जिनोव्हा पद्धतीची बिस्किटं’. समुद्रापासून दूर, लोकर विणणाऱ्या गावातलं गोड बिस्किट बंदराचं नाव सांगतं. नावांवर फार भिस्त ठेवू नये हे ही कथा पदोपदी शिकवते, तरी मला वाटतं की जहाजी बिस्किट आणि हे बदामी बिस्किट यांच्यातली नाळ इथे उघडी दिसते. काप काढून पुन्हा भाजायची युक्ती खलाशांचीच. तिला साखर, अंडी आणि बदाम मिळाले ते जमिनीवर.

मग येतात पाटीवाले मात्तेई. त्यांनी हे बिस्किट शोधून काढलं नाही. त्याला घडी घालून दिली. मैदा, साखर, अंडी, साल न काढलेले बदाम आणि पाइनचे दाणे, बाकी काही नाही. काळही त्यांना अनुकूल होता. १८६१ साली इटलीचं एकीकरण होऊन राज्य घोषित झालं आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्सला नव्या राष्ट्राचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. मात्तेईंची बिस्किटं तिथे वाखाणली गेली, १८६२ साली लंडनला गेली, १८६७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचा खास उल्लेख झाला. राज्याची राजधानीही १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्सलाच होती, म्हणजे नवं सरकार, नवे अधिकारी आणि त्यांची नवी खरेदी प्रातोच्या अगदी दारात. पेल्लेग्रिनो आर्तूझी यांनी १८९१ साली स्वतःच्या खर्चानं छापलेलं स्वयंपाकाचं पुस्तक इटलीत आपल्या ‘रुचिरा’सारखं घरोघरी गेलं, पहिल्या आवृत्तीतल्या ४७५ कृती शेवटी ७९० झाल्या. त्या पुस्तकातही प्रातोच्या या मात्तेईंची आठवण आपुलकीनं काढलेली आहे.

टस्कनीत ही बिस्किटं जेवणाच्या शेवटी येतात आणि बरोबर येतो विन सान्तोचा छोटा पेला. द्राक्षं चटयांवर पसरून किंवा टांगून महिनोन्‌महिने सुकवायची, मग त्यांचा रस काढून लहान पिंपांत भरायचा आणि ती पिंपं माळ्यावर, उन्हाळ्याच्या उकाड्यात आणि हिवाळ्याच्या गारठ्यात, किमान ३ वर्षं ठेवायची, अशी ही गोड वाइन. बिस्किट त्यात बुडवायचं, दोन क्षण थांबायचं आणि खायचं. पाहणाऱ्याला हा शिष्टाचार वाटतो. मुळात ती खलाशाची गरज आहे. जहाज गेलं, वल्ही गेली, पेला स्फटिकाचा झाला, बुडवणं राहिलं.

नावाची भटकंती एवढ्यावर थांबत नाही. आजच्या इटलीत बिस्कोत्ती म्हणजे कुठलंही बिस्किट, दोनदा भाजलेलं असो वा नसो. हा शब्द अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांत गेला आणि तिथे उलटा आकसला : बिस्कोत्ती म्हणजे फक्त हे लांबट, तिरकं, कॉफीत बुडवायचं. आपल्याकडच्या कॅफेंनी अमेरिकेचाच अर्थ उचलला. इकडे २०१६ साली युरोपीय संघानं ‘कान्तुच्चीनी तोस्कानी’ या नावाला भौगोलिक मानांकन दिलं. म्हणजे एका पदार्थावरून दुसऱ्यावर सरकलेलं नाव आता कायद्यानं पक्कं झालं.

आपण तरी काय वेगळं केलं? आपलं बिस्किट पाहा. पुडीतलं, चहात बुडवताच मोडून तळाला जाणारं. ते एकदाच भाजतात. म्हणजे शब्दशः ते बिस्किट नव्हे. आणि बेकरीतला टोस्ट? ‘टोस्ट’चं मूळ लॅटिन ‘तोस्तुस’, अर्थ नुसता ‘भाजलेलं’. पण तो करतात कसा? गोडसर पाव आधी भाजायचा, गार करून कापायचा आणि काप पुन्हा भट्टीत वाळवायचे. दोनदा भाजलेला, द्विःपक्व. आपल्याकडे खरं बिस्किट टोस्ट या नावानं विकलं जातं. त्यातही बडीशेप घातलेला टोस्ट घेतलात तर तो मात्तेईंच्या पाटीवरच्या ॲनिसवाल्या कान्तुच्चीच्या, बदामाच्या बिस्किटापेक्षाही, जवळचा निघतो. मावशीचा घोट इथवर पोचला होता.

हा टोस्ट आपल्याकडे आला तोही समुद्रावरूनच म्हणायचा. गोव्याकडे येणारी पोर्तुगीज जहाजं बिश्कोइतु भरून निघत. त्यांच्यामागोमाग भट्टी आली, पाव हा शब्द आला आणि गोव्यात ज्याला आजही पोदेर म्हणतात तो पाववाला आला. पण सगळ्यांच्या घरात हा भट्टीतला माल सुखानं शिरला नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली आणि त्यावरून शहरात ग्रामण्य पेटलं. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. आता त्याच पुण्यात सकाळी बेकरीसमोर रांग लागते.

आता घरचं. प्रमाण साधं आहे : २५० ग्रॅम मैदा, १८० ग्रॅम साखर, २ अंडी, १५० ग्रॅम बदाम, चिमूटभर मीठ. वासासाठी लिंबाची किंवा संत्र्याची किसलेली साल घातली तर चालते. पाइनचे दाणे महाग पडतात, नसले तरी अडत नाही. अर्धा चमचा बेकिंग पावडर पुष्कळ जण घालतात. प्रातोची जुनी कृती घालत नाही. न घालता बिस्किट जास्त दाट, जास्त कडक होतं.

बदाम भिजवून सोलायचा मोह आवरा. आपल्या हाताला ती सवय आहे, पण इथे साल हवी. ती भाजताना खरपूस होते, आणि ओला बदाम पिठात पाणी सोडतो, जे काढून टाकायला आपण एवढा खटाटोप करणार आहोत. बदाम अख्खेच ठेवा. कापल्यावर त्यांचा जो आडवा छेद दिसतो तीच या बिस्किटाची नक्षी.

पीठ चिकट होईल. घाबरून मैदा वाढवू नका. हात ओला करा आणि दोन चपटे लांबट लोड वळा, चार बोटं रुंद. ते पसरतात, म्हणून मध्ये जागा सोडा. वरून फेटलेलं अंडं लावा. १८० अंशांवर साधारण २५ मिनिटं, वरून सोनेरी होईपर्यंत. या पहिल्या भाजणीत अंडं आणि मैदा घट्ट धरून बसतात, आकार येतो, पण आत ओलावा असतो.

मग दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं म्हणजे सगळी कला. फार गरम असताना सुरी लावली तर काप दबतात, पूर्ण गार झाल्यावर लावली तर बदामापाशी तडकतात. कोमट असताना, पाव कापायच्या दातेरी सुरीनं, बोटाच्या जाडीचे तिरके काप काढा. करवतीसारखी मागे-पुढे न घासता एका दमात दाबलंत तर सुरी बदामावर अडून काप तुटेल, म्हणून आधी हलकं घासा आणि मग दाबा. लोणी घालून माझी फजिती झाली ती इथेच. स्निग्ध पदार्थ मैद्याचे धागे जुळू देत नाही, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते. ज्याला दोनदा भाजायचं, मध्येच कापायचं आणि वर पेयात बुडवायचं, त्याला विरघळून चालत नाही. कृतीतली ती ‘गळलेली ओळ’ मुद्दाम गाळलेली होती.

काप आडवे मांडून १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटं. इथे रंग आणायचा नाही, पाणी घालवायचं आहे, म्हणून आच कमी. बाहेर काढताना काप थोडे मऊ वाटतील. गार होताना कडक होतात. डब्यात भरायची घाई करू नका, वाफ आत कोंडली तर दुसऱ्या भाजणीचं काम फुकट जाईल.

अंड्याशिवाय हे होईल का, असं पुष्कळ जण विचारतात. काहीतरी चांगलं होईल, पण हे होणार नाही. स्निग्ध पदार्थ नसल्यामुळे सगळी बांधणी अंड्यावर आहे. अंडं चालत नसेल तर बेकरीतला बडीशेपवाला टोस्ट आणा. तो या घराण्यातलाच आहे, आणि वयानं मोठ्या शाखेतला.

विन सान्तो नसेल तर चहा पुरेसा आहे. पावसाळ्यात डब्याचं झाकण जरा सैल राहिलं की काप मऊ पडतात. तेव्हा टाकून देऊ नका. ओव्हन मंद करा आणि दहा मिनिटं तिसऱ्यांदा भाजा.